सूर नावाची गिटार: हिस्टरी कार्ड

१६ फेब्रुवारी २०२५, सांगली

गिटार घरी आली. पुण्याच्या एका वादकाकडून घेतली, १,७०,००० रुपयांना. त्याने २०१८ मध्ये अमेरिकेतून मागवली होती. फिंगरबोर्ड शिसवीचा, म्हणून तेव्हा सायटीसचे (दुर्मीळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) कागद लागायचे. ते अजून केसच्या कप्प्यात घडी घालून ठेवलेत. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना ती अट राहिली नाही. मजा अशी की ही शिसव मुळात आपल्याकडची. सह्याद्रीत वाढते, तिकडे जाऊन गिटारीला चिकटते आणि परत इकडे येते तेव्हा हात लावायची भीती वाटते.

एस.टी.त केस सगळा रस्ता मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "अर्धं काढू का हिचं?"

बायकोला किंमत आधीच माहीत होती, त्यामुळे तिचा प्रश्न एवढाच, "ठेवणार कुठं?" आप्पांना किंमत सांगितलेली नाही. त्यांनी चष्मा चढवून हेडस्टॉकवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून लावली. एस, यू, एच, आर. "सुऱ्ह... म्हंजे सूरच की रं." झालं, बारसं झालं. इथून पुढे वहीत हिचं नाव सूर.

बनवणारा जॉन सूर. आधी न्यूयॉर्कमध्ये रूडी पेन्सा यांच्याबरोबर गिटारी करायचा, १९९५ मध्ये फेंडर या गिटार कंपनीच्या कस्टम शॉपमध्ये गेला, १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात लेक एल्सिनोरला स्वतःचा कारखाना काढला. आकार फेंडरच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीचाच. नवीन काही शोधलेलं नाही, जुनं नीट केलंय. मी गेली एकोणीस वर्षं कुपवाडला टूलरूममध्ये आहे, त्यामुळे मला असली माणसं लगेच कळतात.

टूलरूममध्ये प्रत्येक मशीनचं हिस्टरी कार्ड असतं: कधी आली, काय मोजलं, काय बदललं. हे सूरचं कार्ड.

१८ फेब्रुवारी

आज मोजमाप. मशीन आली की आधी मोजायची, मग चालवायची. वापरलेली असली तर जास्तच.

वजन ३.४ किलो. नटपासून (तारा सुरू होतात ती खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (तारांची खालची टेकण) ६४८ मिमी, बारावा फ्रेट (नेकवरची आडवी धातूची पट्टी) बरोब्बर ३२४ वर. जाड ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबली आणि सातव्यापाशी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला: ०.२० जातं, ०.२५ तार उचलतं. म्हणजे नेकला हवा तेवढाच बाक. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड बाजूला १.७, बारीक बाजूला १.४.

मग फ्रेट. छोटी सरळपट्टी तीन-तीन फ्रेटवर ठेवायची आणि डुलते का बघायचं. मधला फ्रेट उंच असेल तर टकटक वाजते. एकापासून बाविसापर्यंत गेलो, पुन्हा उलटा आलो. एकदाही टकटक नाही. फ्रेट स्टेनलेस स्टीलचे आहेत, हे विशेष. नेहमीच्या गिटारीला निकेल-सिल्व्हर असतं, ज्यात नावापुरतीही चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त. ते मऊ, घासायला सोपं, आणि पाच-सात वर्षांत तारेखाली खड्डे पडतात. स्टेनलेस हत्यारं खातं, म्हणून बरेच कारखाने त्याच्या वाटेला जात नाहीत. इथे प्रत्येक फ्रेटचं टोक गोळीसारखं गोल केलंय. अंगठा नेकच्या कडेवरून वरखाली नेला तर फ्रेट कुठे आहे हे अंगठ्याला कळतच नाही.

माझी जुनी गिटार शेजारी ठेवून तेच सगळं केलं. चौदाव्यावर टकटक, सतराव्यावर टकटक, बारावा फ्रेट मुळात पाऊण मिमी पुढे. वीस वर्षं मी तिच्यावर वाजवलं आणि चूक माझ्या बोटांची धरली. काही वेळा ती तिची होती. सगळ्या वेळा नव्हे, हेही आता कळेल.

काहीही ॲडजस्ट केलं नाही. गिटार केसमध्ये.

९ मार्च

तीन आठवडे फक्त वाजवली. लिहिण्यासारखं एवढंच की व्हॉल्यूमचं बटण दहावरून सातवर आणलं तरी आवाज गोधडीखाली गेल्यासारखा होत नाही, आणि मींड (तार ओढून स्वर सरकवत नेणं) घेताना बाराव्याच्या पुढे तार मरत नाही. फिंगरबोर्डची गोलाई नटपाशी ९ इंचाची आणि पुढे पुढे चपटी होत १२ ची केलीय, त्यामुळे ओढलेली तार पुढच्या फ्रेटला टेकत नाही.

आज मात्र ओठाला झटका बसला. माइक स्टँडला लावून "हॅलो" म्हणायला गेलो आणि डाव्या हातातल्या तारांपासून ओठापर्यंत मुंग्या. टेस्टर तारेला लावला, दिवा मंद पेटला. मल्टिमीटरने ॲम्पची बॉडी आणि न्यूट्रल: ९६ व्होल्ट. म्हणजे ॲम्पला अर्थ मिळतच नाही. तीन पिनांचं सॉकेट भिंतीत आहे, तिसऱ्या पिनेला काही जोडलेलं आहे असं मी गृहीत धरलं होतं. ॲम्प बंद. अर्थ होईपर्यंत वाजवणं बंद. गिटारीच्या तारा ब्रिजवरून ॲम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात. दोन लाखांची असो की चार हजारांची, झटका सारखाच.

१६ मार्च

वायरमनने अंगणात खड्डा घेतला. जीआय पाइप, कोळसा-मीठ, आणि मीटरपासून नवीन तार. जुनी तार खड्ड्यापाशी पार गंजून तुटलेली. आता न्यूट्रल-अर्थमध्ये २ व्होल्ट. उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी ओतायचं, हे आप्पांनी अंगावर घेतलं.

अर्थ झाल्यावरही घरातला पन्नास हर्ट्झचा गुणगुणाट उरतोच. पिकअप म्हणजे लोहचुंबकावर केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे. त्याच्यासमोर पोलादी तार हलली की त्यात करंट तयार होतो, पण तो तार आणि इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर यांत भेदभाव करत नाही. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला ती युक्ती म्हणजे दोन कॉइल उलट्या जोडायच्या, त्यांचे चुंबकही उलटे ठेवायचे: गुणगुणाट एकमेकाला खातो, तार मात्र दोन्हीत ऐकू येते. तोच हमबकर. पण दोन ठिकाणी ऐकल्याने आवाजही जाड होतो. सूरमध्ये वेगळा उपाय आहे. पाठीच्या प्लॅस्टिक पट्टीतच एक मोठी कॉइल बसवलीय, चुंबक नसलेली. तिला तार ऐकू येतच नाही, फक्त घराचा गुणगुणाट येतो, आणि तो उलटा करून वजा होतो. पट्टी काढताना तिची वायर जपायची, म्हणून इथे लिहून ठेवतोय. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मात्र तीनवर असला की चिरचिर राहतेच. पंखा फुल किंवा बंद.

३० मार्च, पाडवा

गुढी उभी करून, नैवेद्य होऊन, दुपारी आप्पांसमोर पहिल्यांदा वाजवली. भूप. ॲम्पचा आवाज बारीक, तबल्याचं ॲप नाही, काही नाही. आप्पांचा मिरजेचा तंबोरा आहे, त्यांनी तो पांढरी दोनमध्ये लावून धरला. भजनी मंडळात चाळीस वर्षं गेली. शिकलेले म्हणून काही नाहीत, पण कानाला कुणी फसवू शकत नाही.

सा, रे ठीक. गंधारावर थांबलो तसं त्यांनी तंबोरा थांबवला.

"गंधार चढलाय."

म्हटलं, आप्पा, मशीनवर मोजलंय. इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही स्वर बरोबर लागतो का ते) आज सकाळीच बघितलं, एका सेंटचा (स्वरांतलं अंतर मोजायचं माप) फरक नाही.

"मशीनला म्हणावं, चढलाय."

जुनी गिटार आणली. तिच्यावर तोच स्वर. आप्पा म्हणाले, ही तर कशीही आहे, हिचं काय बोलायचं. पण ही नवी? ही दर वेळी तेवढीच चढते. वरच्या सप्तकात तेवढीच, खाली तेवढीच. "कुणीतरी मुद्दाम चढवून ठिवलंय."

वाक्य डोक्यातून जाईना. यादृच्छिक चूक आणि नियमित चूक यांतला फरक मी रोज शिकाऊ पोरांना समजावतो.

६ एप्रिल

मुद्दाम चढवून ठेवलेलाच आहे.

गिटारीचे फ्रेट समान पट्टीत बसवतात: सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येक भाग १०० सेंटचा. गंधार चौथा, म्हणजे ४००. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार, ज्याला स्वयंभू म्हणतात, तो तारेच्या पाचव्या स्वरांशाचा (मूळ स्वरात मिसळलेल्या वरच्या स्वरांपैकी पाचवा): साशी प्रमाण पाचास चार. हिशेब केला तर ३८६. फरक १४ सेंट. आप्पांचा कान तंबोऱ्याशेजारी तयार झाला, त्यामुळे त्यांना ४०० हा चढलेलाच ऐकू येणार.

हे गिटारीवरच ऐकता येतं, तंबोरा लागत नाही. चौथी तार मोकळी, डी, १४६.८३ हर्ट्झ. तिच्यावर चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे बोट नुसतं टेकवून छेडली की शिट्टीसारखा स्वर निघतो. तो तारेच्या पाचव्या हिश्श्याचा स्वर, ७३४.२ हर्ट्झ. आता पहिल्या तारेवर चौदावा फ्रेट दाबून तोच गंधार वाजवायचा: ७४० हर्ट्झ. दोन्ही एकदम सोडले तर सेकंदाला सहाएक ठोके पडतात, वॅव-वॅव-वॅव-वॅव. आप्पांना ऐकवलं. ते बोटांनी मांडीवर ते ठोके मोजत बसले आणि म्हणाले, "हेच तर."

जुन्या गिटारीवर केलं तर ठोके कधी चार, कधी नऊ. तिथे हा शोध लागलाच नसता.

हा प्रश्न सांगलीला नवा नाही, हे लिहून ठेवायला हवं. कृष्णाजी बल्लाळ देवल इथलेच, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे बंधू. त्यांनी तारेची लांबी मोजून आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साक्ष काढून बावीस श्रुतींचा हिशेब मांडला, १९१० मध्ये तो छापला. क्लेमंट्स नावाचा आयसीएस साहेबही त्यांच्या बाजूने या कामात पडला होता. मोजपट्टी घेऊन गंधाराच्या मागे लागलेला या गावातला मी काही पहिला माणूस नव्हे.

आप्पांचा उपाय सरळ: "सतारीगत पडदं सरकव की." सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सैल करून हवे तिथे सरकवतात. माझे बावीस ठोकून बसवलेत, स्टेनलेसमध्ये.

२० एप्रिल

हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारा) दुपारी तीनला २२ टक्के. जुन्या गिटारीचं लाकूड आकसलं, फ्रेटची टोकं बाहेर आली, तळहाताला करवतीसारखी लागतात. सूरच्या नेकचं मेपल भाजलेलं आहे, म्हणजे कमी ऑक्सिजनमध्ये तापवलेलं, त्यामुळे ते ओलावा फार कमी घेतं-सोडतं. रंग जरा जास्त भाजलेल्या खाऱ्या बिस्किटासारखा. बाक ०.२०, होता तेवढाच. टोकं कुठेही लागत नाहीत. फिंगरबोर्डला तेलाचा हलका हात दिला, पुसून घेतलं.

४ मे

ठरलं. गिटार डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी अशी लावायची, म्हणजे मोकळ्या तारा वाजवल्या की सा-प-सा-ग-प-सा. तिसरी तार गंधार, आणि ती ट्यूनरच्या म्हणण्याप्रमाणे न लावता १४ सेंट खाली: १८५ ऐवजी १८३.५ हर्ट्झ. मोकळा गंधार तरी आप्पांचा होईल. त्या तारेवर दाबलेले सगळे स्वर अर्थातच १४ ने उतरतील, पण ती तार साथीची धरायची. चाल वाजवायची ती पहिल्या तारेवर, तिथे कोमल गंधाराचा फ्रेट दाबून तार ओढत गंधारावर जायचं. कोमल ३०० वर, शुद्ध ३८६ वर. ओढ ८६ सेंटची, १०० ची नव्हे. सतारीवर मींड अशीच घेतात, इथे फक्त नेमकं कुठे थांबायचं ते ठरवायचं.

अडचणी दोन. एक, बारीक तारांचा संच (दहा ते सेहेचाळीस, म्हणजे तारांची जाडी हजारांश इंचात) एवढा उतरवला की लटपटतो. अकरा ते एकोणपन्नासचा घातला. नेहमीच्या स्वरात दहाचा संच सुमारे ४६ किलो ओढ देतो, अकराचा ५३. उतरवून लावल्यावर हिशेब जवळपास पहिल्यावर येतो.

दुसरी अडचण जास्त गंमतीची. हिचा ब्रिज तरंगता आहे: एका बाजूला तारांची ओढ, दुसऱ्या बाजूला पाठीतल्या स्प्रिंगांची, आणि तो मधल्यामध्ये तोललेला. एक तार ओढली की तोल पुढे जातो आणि बाकीच्या तारा सैल होतात. मी गंधारावर मींड घेतोय आणि तेवढ्यात सा खाली बसतोय. ट्यूनरवर ८ ते १० सेंट. आप्पा: "गंधार आला, सा पळाला."

११ मे

सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपमध्ये. पाठीच्या कप्प्यात ब्रिजचा खालचा ठोकळा आणि शेवटाकडची लाकडी भिंत यांत फट आहे. ब्रिज मोकळा, स्वरात असताना स्लिप गेज घालून मोजली: १४.६ मिमी. पितळेचा तुकडा घेतला, मिलिंगवर १४.८ ला आणला, मग सरफेस ग्राइंडरवर १४.६०. लाकडाकडच्या बाजूला जुन्या पट्ट्यातलं चामडं चिकटवलं, तेवढं पितळ पुन्हा कमी केलं. सरकवला, स्प्रिंगांचे दोन्ही स्क्रू पाऊण-पाऊण फेरा सैल केले. ब्रिज आता पुढे झुकू शकत नाही. मींड घेतली, सा हलला नाही.

स्क्रू नाही, गोंद नाही, गिटारीला एक भोक पाडलेलं नाही. उद्या नको वाटला तर काढून ठेवला की झालं. हातातली वस्तू चांगली असली की सुधारणाही काढता येण्यासारखी करावीशी वाटते. जुन्या गिटारीत मी ड्रिल घालायला मागेपुढे पाहत नव्हतो.

सुपरवायझरने विचारलं, हा जॉब कुणाचा? म्हटलं, सूर इंडस्ट्रीजचा.

२५ मे

अकराच्या तारा कारखान्याच्या नटच्या खाचेत बसतात, पण घट्ट. खाचा दहाच्या मापाच्या, त्यांची काही चूक नाही. खुंटी पिळताना तार खाचेत अडकते, मग एकदम "टिंग" करून सुटते आणि स्वर उडी मारतो. मूळ नट मोठा करायला जीव होईना. तो गरम करून अलगद काढला, डबीत ठेवला, डबीवर तारीख लिहिली. नवा हाडाचा करायचा.

हाड कुठे मिळणार, तर मिरजेत. सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिराकडे गेलो. पुढच्या खोलीत भोपळे टांगलेले, तुणाचं लाकूड तासताना उडालेला भुसा, आणि लाखेचा वास. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, कागद आला, भोपळा अजून आम्हालाच शोधावा लागतो. हाडाचा तुकडा पन्नास रुपयांना दिला. मग गिटार बघायला मागितली.

फ्रेटवर नख फिरवलं. ब्रिजचे सहा पोलादी खोगीर बघितले, प्रत्येक तार एका धारेवर टेकलेली. "तुमची तार टोकावर उभी करतात," म्हणाले, आणि मांडीवरच्या तंबोऱ्याची घोडी दाखवली. ती पाटासारखी रुंद, वरून किंचित उतरती. तार त्या उतारावर लोळते, दर हेलकाव्याला पृष्ठभागाला घासते, आणि त्या घासण्यातून वरचे सगळे स्वरांश मोकळे होतात. तीच जवारी. खाली सुताचा दोरा सरकवून ती उघडतात किंवा बंद करतात. त्यांनी दोरा केसभर हलवला आणि खर्जाच्या तारेतून गंधार असा उठला की मी मागे बघितलं.

आमच्याकडे तार कुठेही घासली की आम्ही त्याला बझ म्हणतो आणि फायलीने मारतो.

१ जून

नट पहिला: वाया. खाचेसाठी मापाच्या फायली इथे मिळत नाहीत, वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या खरखरीत तारांचा संच वापरला. तो मापात असतो आणि चालतो. पण चौथ्या तारेची खाच दोन घासे जास्त खाली गेली. मोकळी तार पहिल्या फ्रेटला लागून झिणझिणायला लागली.

आप्पा आतून: "वा! जवारी लागली!"

नट दुसरा: प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट मोजत मोजत गेलो, ०.०५ शिल्लक ठेवली. खाचेचा तळ खुंट्यांकडे उतरता. पेन्सिलीचं शिसं भरलं. गोंदाचा एकच थेंब. टिंग गेलं. साडेचार तास लागले, आणि हाडाच्या वासाने बायकोने दोन्ही खिडक्या उघडल्या.

२२ जून

हत्यार तयार, कारागीर नाही.

पंधराव्या फ्रेटवरून ८६ सेंटची मींड, वीस प्रयत्न: सहा वर गेले, अकरा खाली राहिले, तीन जागेवर. वर गेलेले सगळे ४०० पाशीच थांबतात, म्हणजे बोट हिंदी गाण्यांच्या आणि रॉकच्या वीस वर्षांच्या सवयीने घरी जातं. आधीच्या गिटारीवर मला हे समजायचं कारण नव्हतं. तिथे फ्रेटच कुठेतरी, ब्रिज कुठेतरी, मी कुठेतरी.

ट्यूनरकडे बघून जमत नाही. आकडा स्थिर व्हायला अर्धा सेकंद घेतो, तोवर बोट पुढे गेलेलं असतं, मग मागे आणायचं, मग तो हेलकावा मींडेतच ऐकू येतो. तिसरी तार मोकळी वाजत ठेवून तिच्यावर पहिली आणायची, ठोके मंद होत होत थांबतात तिथे थांबायचं. आज तीनच वेळा थांबले. थांबले तेव्हा दोन्ही तारा मिळून ॲम्पमधून एकच स्वर आल्यासारखा वाटला. खरंच वाटतो, आप्पांनाही ऐकू गेला.

२० जुलै

वीसपैकी नऊ.

२० ऑगस्ट

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला आलंय. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं, तेव्हा तळमजल्यावरचा टीव्ही आणि आप्पांची पेटी गेली. पेटीच्या पडद्यांखालचं कापड फुगून स्वर एकत्र चिकटले होते. तंबोरा तेवढा वाचला, तो खांद्यावर घेऊन आप्पा स्वतः माडीवर गेले होते. आज सकाळी न सांगता तंबोरा, सूर आणि रेशनकार्डाची पिशवी, तिन्ही एका फेरीत माडीवर नेली. ॲम्प दुसऱ्या फेरीत.

हायग्रोमीटर ८८. तारांना हाताला लागेल असा गंज. बाक ०.२० चा ०.२७ झाला, ट्रस रॉडला (नेकमधला बाक जुळवायचा दांडा) जेमतेम अष्टमांश फेरा, उद्या परत मोजेन. घरात वीज नाही, ॲम्प नाही. माडीवर खिडकीशी बसून नुसती वाजवली. इलेक्ट्रिक गिटार ॲम्पशिवाय डासाएवढी ऐकू येते, तरी खांद्याला लाकूड थरथरताना कळतं. ठोके ऐकू येत नाहीत, बरगडीला लागतात. वीसपैकी तेरा.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

वर्कशॉपमध्ये मशीनला हळद-कुंकू, झेंडू. घरी पाटावर व्हर्नियर, फिलर गेज, आप्पांच्या झांजा, सूर. तंबोरा भिंतीला टेकून. बायकोने सूरला गंध लावायला बोट पुढे केलं, मी लॅकरला डाग पडेल म्हणून हात धरला, मग खजील होऊन केसला लावून घेतलं. पुन्हा एकदा किंमत विचारली गेली, या वेळी आप्पांकडून. सांगितली. थोडा वेळ गप्प. मग, "तंबोरा साडेचारशेला आणलावता. एकोणीसशे एकोणऐंशीला."

३ नोव्हेंबर

काल कार्तिकी एकादशी. मंडळाच्या भजनात आप्पांनी बसवलं. ॲम्प खुर्चीखाली, व्हॉल्यूम दोनवर, पखवाजाच्या मागे. सगळा वेळ सा-प आणि मोकळा गंधार धरून ठेवला. मधे भूपातल्या एका अभंगाआधी आप्पांनी मान हलवली, तेव्हा पहिल्या तारेवर कोमलावरून मींड घेऊन गंधारावर थांबलो. मोजायला काही नव्हतं. टाळकऱ्यांपैकी कुणी वळून बघितलं नाही.

रात्री घरी येताना स्टेशन रोडवर चहा. आप्पांनी बशीत ओतला, फुंकला.

"गंधार बरा व्हता. धैवत बघ आता, भूपात त्योबी लागतोय."

धैवत: ८८४. गिटारीवर ९००. फरक १६. पहिल्या तारेवर कोमल धैवत आठव्या फ्रेटला, तिथून ओढ ८४. तारा बदलायला आल्यात, अकराचा संच मागवायचा.